वाक्यात उपयोग

जुबेदाआपांच्या दाराला आतून साखळी असे. कुणी कडी वाजवली की दार साखळीपुरतंच उघडे, त्या फटीतून अर्धा चेहरा दिसे आणि विचारणा होई, "काय काम?" या, बसा, पाणी घ्या, यातलं काही नाही. दूधवाला असो, मशिदीतले मौलवीसाहेब असोत की सख्खी मावसबहीण असो, प्रश्न तोच आणि आवाजही तोच. बहुतेक माणसं काम उंबऱ्यावरच सांगून परत जात. काहींना तर त्या अर्ध्या चेहऱ्यापुढं आपलं काम आठवतच नसे.

मी पहिल्यांदा त्या दारात उभी राहिले ती पत्र्याची ट्रंक डोक्यावर घेतलेल्या हमालासोबत. पोलिस ॲक्शनला तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. निजामाच्या राज्यात सगळं शिक्षण उर्दूतून, त्यामुळं वडलांनी मला मामाकडं येवल्याला ठेवून मराठी फायनल करवली होती. ॲक्शननंतर औरंगाबादच्या शाळांतून मराठी शिकवायला माणसं हवी होती, आणि मला मुलींच्या सरकारी शाळेत नेमणूक मिळाली. एकट्या मुलीला खोली द्यायला कुणी तयार होईना. शाळेच्या शिपायानं सांगितलं, "जुन्या बाजारात आपल्याच शाळेच्या हिसाबाच्या बाई राहतात, त्यांच्याकडं बाहेरची खोली रिकामी हाय. पण बाई लई कडक हायत."

"काय काम?"

मी सांगितलं. फट मिटली, साखळी निघाली आणि दार उघडलं. चाळिशीच्या आतबाहेरची, उंच, हाडापेराची बाई. पांढरी ओढणी कानामागं घट्ट खोचलेली. त्यांनी खोली दाखवली. निम्म्या खोलीत हिमरूचं रेशमी कापड विणायचा जुना माग चादरीखाली उभा होता. "माग हलवायचा नाही. चूल वेगळी. नळाला पाणी सकाळी येतं, झोपून राहिलीस तर मिळणार नाही. बस." एवढं बोलून त्या आत गेल्या. माझं नाव त्यांनी दुसऱ्या दिवशी शाळेत विचारलं.

माग त्यांच्या वडलांचा होता. अब्बा एकेकाळचे हिमरूचे कारागीर. उजवं अंग लुळं पडल्यापासून आतल्या खोलीत खाटेवर असत. लेक जितकी तोडून बोले, तितके अब्बा अर्ध्या ओठांनी का होईना, भरभरून बोलत. माझ्या गावच्या पिकापाण्याची चौकशी तेच करत. घरात माणसं तेवढीच दोन. आपांचे यजमान पाकिस्तानात गेले, असं शाळेत कळलं होतं. का गेले याचं उत्तरही शाळेतच मिळालं होतं. "अशा बाईजवळ कोण राहील?"

आपा वर्गात शिरल्या की आधी शांतता शिरे, मग आपा. गणित फळ्यावर मांडायचं, एकदा सोडवून दाखवायचं, मग बोट एका मुलीकडं. "तू. पुढं." उत्तर बरोबर आलं तर "हं." चुकलं तर "परत." शाबासकी आणि छडी, दोन्ही त्यांच्याकडं नव्हती. एखादी रडायला लागली तर म्हणत, "रडून घे. मग सोडव." शाळेतल्या दुसऱ्या बाया मुलींना बाळ, बेटा म्हणून कुरवाळत. आपा त्यावर म्हणत, "गोड बोलून हिसाब सुटत नाही." हे त्यांचं पेटंट वाक्य होतं, घरातही चाले. मी भाजीवालीशी लाडीगोडी लावून घासाघीस करायला लागले की आतून आवाज येई, "सुशीला, गोड बोलून हिसाब सुटत नाही. घ्यायची तर घे."

त्यांच्या मराठीची एक गंमत होती, आणि ती त्यांना फार महागात पडली. उर्दू बोलताना त्या मोठ्यांना 'आप' म्हणत, अदबीनं बोलत. मराठी मात्र त्या बाजारात, गल्लीत, मोलकरणींकडून शिकलेल्या. त्या मराठीत अहो-जाहो त्यांच्या कानावर पडलंच नव्हतं. पुण्याहून आलेल्या मोठ्या बाई एकदा वर्ग तपासायला आल्या, तर आपा खुर्ची सरकवून म्हणाल्या, "तू बस." साठ पोरींनी ते ऐकलं. मोठ्या बाई बसल्या, पण ते विसरल्या नाहीत.

मग फर्मान निघालं. उर्दूतून शिकलेल्या शिक्षकांनी मराठीची परीक्षा द्यायची, नाही तर नोकरी सोडायची. त्या नोकरीवर अब्बांचं औषधपाणी चालत होतं. त्या दिवशी संध्याकाळी आपा माझ्या खोलीत आल्या. आपणहून आल्या ती पहिलीच वेळ. हातात पाटी होती.

"मराठी शिकव."

"शिकवते की आपा. बसा ना."

"बसते. सुरू कर."

तेव्हापासून रोज संध्याकाळी आम्ही मागाशेजारी चटई टाकून बसायचो. मी शब्द द्यायची, अर्थ सांगायची, आणि त्या वाक्यात उपयोग करायच्या. त्यांची वाक्यं ऐकून मला हसू आवरत नसे. 'पाहुणा' दिला तर "पाहुणा आला, जेवला, गेला." 'आनंद' दिला तर "आनंद नावाचा पोस्टमन आहे." अहो-जाहो मात्र त्यांनी चिकाटीनं शिकून घेतलं. त्याच उत्साहात काही दिवस त्या मांजरालाही "चला, बाहेर व्हा" म्हणत.

एके दिवशी शब्द त्यांनीच आणला.

"तुसडी. म्हणजे काय?"

दुपारी शिक्षकांच्या खोलीत मोठ्या बाई तो शब्द बोलल्या होत्या, "फार तुसडी बाई आहे हो ती," आणि आपा दारापर्यंत आलेल्या होत्या, हे मला दिसलं होतं.

"म्हणजे... कमी बोलणारी," मी म्हणाले.

"खोटं. कमी बोलणारी म्हणजे मितभाषी. तूच शिकवलंस."

मग सांगावंच लागलं. जो तोडून बोलतो, माणूस जवळ यायच्या आधीच त्याला लांब करतो, तो तुसडा. आपांनी मान हलवली. रागावल्या नाहीत. पाटीवर शब्द लिहिला, 'स'वर थोडा वेळ पेन्सिल टेकवून धरली आणि म्हणाल्या, "बरोबर शब्द आहे. पुढचा दे."

याच सुमारास गावाहून काका आले. वडील वारल्यानंतर घरात काकांचा शब्द चाले. त्यांनी माझ्यासाठी स्थळ पाहिलं होतं. बिजवर, पदरी दोन मुलं, जमीन भरपूर. त्यातून मी मुसलमानाच्या घरी राहते हे त्यांना कळलेलं. ॲक्शनच्या आधी आमच्या गावात घरं जळाली होती, आणि ते काकांच्या डोक्यातून गेलेलं नव्हतं. त्यांनी कडी वाजवली. मी चुलीपाशी होते, त्यांचं खाकरणं ओळखलं, आणि हातातली भाकरी परातीतच ठेवली.

"काय काम?"

"पुतणीला न्यायला आलोय."

"तिला यायचं आहे का?"

"तिला काय इचारायचं? लगीन ठरवलंय तिचं. तुमचा काय संबंध हाय यात?"

"माझा नाही. तिचा आहे. विचारते."

फट मिटली. आपा चुलीपाशी आल्या. "जायचं?"

मी रडायला लागले. काका असे आहेत, आईला काय वाटेल, भावकीत नाव जाईल, असं काहीतरी हुंदके देत सांगत राहिले. आपांनी ते सगळं मधेच तोडलं. "एक शब्द. हो का नाही?"

कुणी मला असा प्रश्न त्याआधी विचारलाच नव्हता. मी म्हणाले, "नाही."

त्या गेल्या. फट उघडली. "नाही म्हणाली. चहा पाहिजे असेल तर बाहेर हॉटेल आहे." आणि दार लागलं. काका बराच वेळ गल्लीत उभे राहून बोलत होते. "असली तुसडी बाई उभ्या जन्मात बघितली नाय," हेही बोलले. आपा आत तांदूळ निवडत होत्या. मला म्हणाल्या, "बघ. शब्द गावातही चालतो."

माझी पुढची सगळी नोकरी, माझं नंतर झालेलं मनासारखं लग्न, माझा संसार, सगळं त्या एका 'नाही'वर उभं राहिलं. मी एकटीनं काकांसमोर ते कधीच म्हणू शकले नसते.

परीक्षेला मी सोबत गेले. तोंडी परीक्षेला बाईमाणसाबरोबर कुणी आलं तर आत बसू देत. परीक्षक काळी टोपी घातलेले वयस्कर गृहस्थ होते, बोलायला मिठ्ठास. त्यांनी नाव विचारलं, गाव विचारलं, शाळेविषयी चार वाक्यं बोला म्हणाले. आपा म्हणाल्या, "शाळा मोठी आहे. मुली पुष्कळ आहेत. शिकतात." चौथं वाक्य आलंच नाही. परीक्षकांनी आणखी काही विचारलं, प्रत्येक वेळी उत्तर दोन-तीन शब्दांत संपलं. शेवटी त्यांचा गोडवा आटला. चष्म्यावरून पाहत ते म्हणाले, "बाई, तुम्हाला 'तुसडा' हा शब्द ठाऊक आहे का?"

"आहे."

"मग करा वाक्यात उपयोग."

खोलीतले दुसरे शिक्षक गालातल्या गालात हसले. आपा उठून उभ्या राहिल्या. उभं राहायची गरज नव्हती. त्या सावकाश, प्रत्येक शब्द तपासून घ्यावा तशा बोलल्या.

"माझी मुलगी तिच्या वडलांबरोबर पाकिस्तानला गेली. ती गाडीत बसली. तिनं खिडकीतून हात बाहेर काढला. मी हात धरला नाही. मी म्हणाले, जा. तेव्हा स्टेशनावरच्या बायका म्हणाल्या, ही आई किती तुसडी आहे."

परीक्षकांनी टोपी काढून टेबलावर ठेवली, परत घातली. मग म्हणाले, "शब्द बरोबर वापरलात, बाई."

"माहीत आहे," आपा म्हणाल्या आणि खाली बसल्या.

मी वर्षाहून अधिक काळ त्यांच्या घरात राहत होते, आणि त्यांना मुलगी आहे हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. घरात तिचा फोटो नव्हता, फ्रॉक नव्हता, नावही नव्हतं. परत येताना टांग्यात मी कसंबसं म्हणाले, "आपा, तुम्ही कधी सांगितलं नाहीत."

"तू विचारलं नाहीस."

"आता विचारू?"

"नको."

परीक्षा त्या पास झाल्या. बाकीचं मला अब्बांनी सांगितलं, एका दुपारी आपा बाजारात गेल्या असताना. आपांचा धाकटा भाऊ एका खेड्यात दुकान चालवत होता. ॲक्शननंतरच्या धुमाळीत त्याला मारलं. त्या बाजूच्या खेड्यांतून बायका-मुली शहरात आल्या, काही दिवस याच घरात राहिल्या, आणि त्यांनी जे सांगितलं ते आपांनी भिंतीला टेकून ऐकलं. पुढं यजमानांनी जायचं ठरवलं. अब्बांना सोडून आपा जाणार नव्हत्या. "दामाद तो बोल रहा था, शमीम माँ के पास रहेगी," अब्बा म्हणाले. "जुबेदाने ही भेजा. दहा वर्षांची पोर पायाला मिठी मारून बसली होती. हिनं हात सोडवले. एक आँसू नहीं निकला." मग अब्बांनाच रडू आलं, आणि लुळ्या बाजूच्या डोळ्यातलं पाणी पुसायला त्यांचा हात पोचेना. मी पुसलं.

अब्बा पुढं दोन हिवाळ्यांनी गेले. माझं लग्न झालं, पण बिऱ्हाड मी दोन गल्ल्या सोडूनच केलं. माझ्या यजमानांना आपांची धास्ती वाटे. आपल्या सासूपेक्षा या बाईंना मी जास्त वचकून असतो, असं ते म्हणत.

आणि मग बऱ्याच वर्षांनी शमीम आली. तिचंही लग्न झालं होतं. मोठ्या खटपटीनं व्हिसा काढून ती थोड्या दिवसांसाठी आली होती. आल्यावर आधी ठाण्यात हजेरी, मग आईचं घर. मी तिथंच होते. दारात उभी राहिलेली मुलगी उंचीनं आणि हाडापेरानं थेट आपांसारखी. आपांनी साखळी काढली. दोघी एकमेकींकडं पाहत राहिल्या. मला वाटलं, आता बांध फुटणार. आपा म्हणाल्या, "धूप में आई. अंदर आ."

त्या मुक्कामात आपांनी नुसता स्वयंपाक केला. सकाळपासून खिमा कुटणं, कणीक मळणं, खीर आटवणं. शमीमच्या पुढं ताट यायचं, ताटामागं एक शब्द यायचा, "खा." कराची कशी, नवरा कसा, सासू कशी, काही नाही. शमीम एका संध्याकाळी माझ्या घरी आली आणि ओसरीवर बसून रडली. "मौसी, अम्मीने एक बार भी नहीं पूछा के मैं कैसी हूँ. मुझे तब भी भगाया था. अब भी लगता है, कब जाएगी इसकी राह देख रही हैं."

मला राहवलं नाही. अब्बांनी सांगितलेलं सगळं मी तिला सांगितलं. भावाचं, त्या आलेल्या बायकांचं, बाप ठेवून जायला तयार होता त्याचं. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. बापानं तिला एवढंच सांगितलं होतं की आईला तू नको होतीस.

दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर मीही गेले, मीच ते उघड केलं होतं म्हणून. आपा अंगणात सुपात तांदूळ घेऊन बसल्या होत्या. शमीम समोर जाऊन बसली.

"अम्मी, डर के भेजा था मुझे?"

आपांनी माझ्याकडं एकदा पाहिलं. मग सुपाकडं. "हिसाब किया था."

"फिर?"

"गलत निकला."

"क्या गलत निकला?"

आपांचा हात तांदळात थांबला. "यहाँ कुछ नहीं हुआ. तेरी उम्र की सब लडकियाँ यहीं बडी हुईं. इसी गल्ली में. मैंने पढाया उनको. रोज हाजिरी ली."

शमीमनं सुपातले दोन खडे उचलून बाजूला टाकले. मग म्हणाली, "एक बार बोल देतीं, अम्मी. खत में ही सही."

"बोलने से क्या होता?"

त्यावर शमीम उठली आणि आत गेली. आत ती रडत होती, ते अंगणात ऐकू येत होतं. आपा उठल्या, दारापर्यंत गेल्या, उंबऱ्यावर हात टेकून उभ्या राहिल्या, आणि परत येऊन सूप हातात घेतलं.

स्टेशनावर आम्ही तिघी गेलो. शमीमनं आईला मिठी मारली. आपांचे दोन्ही हात गुंतलेले होते. पराठ्यांचा डबा त्यांनी छातीशी धरला होता आणि मिठीत तो दोघींच्या मधे राहिला. "पहुंच के लिखना," त्या म्हणाल्या. गाडी गेली. परत येताना त्यांनी टांगा करू दिला नाही. चालत निघाल्या. बरंच अंतर गेल्यावर थांबून मला विचारलं, "सुशीला, मी काय बोलायला पाहिजे होतं?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला असं काही विचारलं नव्हतं. मराठीचे एवढे शब्द मी त्यांना दिले, पण त्या रस्त्यात मला एकही सुचला नाही. आम्ही चालत राहिलो.

शमीमची खुशाली अधूनमधून येत राहिली. मग लढाई सुरू झाली, टपाल बंद झालं, येण्याजाण्याच्या वाटा बंद झाल्या. त्याच काळात आपांना झटका आला. अब्बांसारखाच, पण उलट. हातपाय बऱ्यापैकी हलत होते, बोलणं बिघडलं होतं. बंद नव्हतं पडलं. बंद पडलं असतं तर बरं झालं असतं. आपा बोलायला लागल्या होत्या. सकाळी डोळे उघडल्यापासून त्या बोलत. थांबत नसत. उर्दू, दखनी, मराठी, सगळ्यांचे तुकडे, आणि तुकडेही धड नाहीत. अक्षरं खरी, शब्द कुठल्याच भाषेतले नाहीत. सूर मात्र सगळे जिथल्या तिथं. विनवणीचा, समजावणीचा, लहान मुलाशी बोलतानाचा. मी त्यांचा तो सूर कधी ऐकला नव्हता. डॉक्टर म्हणाले, त्यांना वाटतंय की आपण नीट बोलतोय.

मी रोज जाऊन बसायची. त्यांच्या जुन्या विद्यार्थिनी यायच्या, शेजारपाजारच्या बायका यायच्या, आणि पदर तोंडाला लावून बाहेर जायच्या. आपा त्यांना थांबवायला हात पुढं करायच्या. एवढं बोलायचं बाकी होतं, आणि आता ऐकणाऱ्याला त्यातलं काही मिळत नव्हतं.

शेवटच्या दिवसांतली एक दुपार. असरची, तिसऱ्या प्रहरची अजान नुकतीच झाली होती. आपांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि कितीतरी वेळ, हळू आवाजात, काहीतरी सांगितलं. सांगताना त्या मधेच हसल्या, मधेच त्यांचे डोळे भरले. मी प्रत्येक थांब्याला "हो आपा, हो" म्हणत होते. मग त्या थांबल्या. शेवटाला आवाज वर गेला होता, म्हणजे तो प्रश्न होता. त्या माझ्या तोंडाकडं पाहत उत्तराची वाट पाहायला लागल्या.

काय विचारलं, ते मला कळलं नव्हतं. मला कोण समजून विचारलं, तेही कळलं नव्हतं. त्यांची नजर हलेना. मी म्हणाले, "हो."

आपांनी माझा हात सोडला आणि भिंतीकडं तोंड केलं. त्यानंतर त्या बोलल्या नाहीत. मी दिलेलं उत्तर त्यांना हवं तेच होतं की नाही, हे मला आजतागायत माहीत नाही.